दया आपली, त्याग कोणाचा?

घरांत एक कुत्रें असतांना दुसरें आणावें कीं नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो असें प्रथमदर्शनीं कोणाला वाटणार नाहीं. तो फार तर सोयीचा, जागेचा किंवा खर्चाचा प्रश्न. रस्त्यावर भिजत पडलेलें पिलूं उचलून आणणें हें पुण्याचें काम. मग तें घरच्या जुन्या कुत्र्याला रुचलें नाहीं तर तो त्याचा स्वभाव, आणि चार दिवसांनीं तें रुळेल हा आपला विश्वास. परंतु अशाच सामान्य दिसणाऱ्या प्रसंगांत कित्येकदां एखादें तत्त्व इतकें उघडें पडतें, कीं मोठमोठ्या ग्रंथांतील उदाहरणांतहि तें तितकें स्पष्ट दिसत नाहीं. आपण दया करतों तेव्हां त्या दयेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा तो प्रश्न होय. तो दया करणाऱ्याच्याच खात्यावर पडत असेल तर तिला दया हें नांव शोभतें. पण तो तिसऱ्याच कोणाच्या, आणि तोहि ज्याला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं अशाच्या, खात्यावर पडत असेल तर त्या कृत्याला काय म्हणावें? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत दोन कुत्र्यांच्या निमित्तानें करावयाचा आहे.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाहीं, याचें कारण ते आपल्याहून कठोर होते असें नव्हे. खेड्यांत किंवा जुन्या वाड्यांत कुत्रें दाराशीं असे, घरांत नसे. उरलेली भाकर, ओट्याखालची सावली आणि रात्रीं भुंकण्याचें काम, एवढाच त्याचा घराशीं संबंध. दुसरें कुत्रें आलें तर काय तें तीं दोघें अंगणांत मिटवीत. न मिटलें तर त्यांतलें एक पलीकडच्या आळीची वाट धरी. ती व्यवस्था दयाळू होती असें म्हणतां येणार नाहीं. उपासमार, रोग आणि जखमा तींत भरपूर होत्या. पण तींत एक गोष्ट होती, ती म्हणजे निघून जाण्याची मोकळीक. आजच्या शहरांतील दोन-तीन खोल्यांच्या घरांत कुत्र्याला जेवण वेळेवर मिळतें, लस वेळेवर टोंचली जाते, उन्हाळ्यांत पंख्याखालची फरशी मिळते. आणि दार मात्र बंद झालेलें असतें. त्या दाराच्या आंत कोणीं राहावयाचें, कोठें निजावयाचें, कोणाच्या शेजारीं जेवावयाचें, हें सर्व आतां आपण ठरवितों. निर्णय ज्याच्या हातीं गेला त्याच्याकडे त्या निर्णयाची जबाबदारीहि जाते, हा साधा नियम आपण माणसांच्या व्यवहारांत मानतों. मुक्या प्राण्यांच्या बाबतींत मात्र त्याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

एक उदाहरण देतों. आमच्या शेजारच्या इमारतींत एक सुशिक्षित कुटुंब राहतें. नवरा-बायको, कॉलेजांत जाणारा मुलगा आणि शाळकरी मुलगी. त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर जातीची नऊ वर्षांची कुत्री होती. तिला येथें थोरली म्हणूं. दोन वर्षांपूर्वीं आषाढांत मुलानें जिन्याखालीं कुडकुडत बसलेलें एक गांवठी पिलूं वर आणलें, तीहि मादीच. तिला धाकटी म्हणूं. पहिल्या आठवड्यांत घरांत जणूं सण होता. धाकटीला दूध, धाकटीला जुनी शाल. येणारा-जाणारा प्रथम धाकटीलाच उचलून घेई. ज्या पलंगाखालीं थोरलीनें नऊ वर्षें दुपारची झोंप काढली होती तेथें धाकटीची टोपली ठेवली गेली, कारण ती जागा उबदार. पिलूंच तें, त्यानें थोरलीच्या वाडग्यांत तोंड घातलें. थोरली गुरगुरली. तिला वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका बसला, आणि "एवढी मोठी झाली तरी मत्सर सुटत नाहीं" असा शेराहि मिळाला. दुसऱ्या वेळीं तेंच झालें. तिसऱ्या वेळेपासून ती गुरगुरेनाशी झाली. तिची समजूत पटली असें सर्वांना वाटलें. पुढें पंधरा दिवसांनीं, एका संध्याकाळीं, स्वयंपाकघराच्या अरुंद दारांत दोघी समोरासमोर आल्या असतां थोरलीनें जराहि आवाज न करतां धाकटीचा कान फाडला.

त्या रात्रीं त्यांच्या घरीं झालेली चर्चा मला मागाहून कळली. वडिलांचें मत असें पडलें, कीं थोरली आतां विश्वासाची राहिली नाहीं. तिला गांवीं शेतावर पाठवावी. मुलगा म्हणाला, त्यापेक्षां धाकटीलाच कोणाला तरी देऊन टाकूं. आईचें म्हणणें, दोघींना एकदां मनसोक्त भांडूं द्यावें, म्हणजे वरचढ कोण तें ठरेल आणि शांतता होईल. मुलगी तेवढी रडत म्हणाली, कीं थोरलीला कोणीं विचारलेंच नव्हतें. माझ्या मतें त्या चौघांपैकीं नीतीचा खरा मुद्दा त्या मुलीच्याच हातीं लागला होता. बाकीच्या तिघांनीं गुन्हेगार कोण हें ठरविण्याचा प्रयत्न केला, आणि गुन्हेगार शोधतांना त्यांची दृष्टि फक्त चार पायांच्या आरोपींवरच खिळून राहिली.

प्रथम 'मत्सर' हा शब्द घेऊं. कुत्र्याला मत्सर वाटतो काय, या प्रश्नावर शास्त्रज्ञांनीं प्रयोग केले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेंत क्रिस्टीन हॅरिस व कॅरोलीन प्रूव्हो यांनीं २०१४ सालीं ३६ कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. धन्यानें कुत्र्याकडे लक्ष न देतां एका भुंकणाऱ्या, शेंपूट हलविणाऱ्या खेळण्यांतल्या कुत्र्याला कुरवाळलें, तेव्हां खरीं कुत्रीं मध्यें घुसूं लागलीं, धन्याला ढुशा देऊं लागलीं. धनी पुस्तक वाचीत बसला असतां मात्र तीं इतकीं अस्वस्थ झालीं नाहींत. याला मत्सर म्हणावें कीं आणखी कांहीं, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण आपल्या प्रश्नापुरतें एवढें निश्चित, कीं आपल्या प्रेमाचा ओघ दुसरीकडे वळलेला कुत्र्याला कळतो.

याहून बोधप्रद प्रयोग व्हिएन्ना येथें फ्रीडेरीके रांगे आणि त्यांचे सहकारी यांनीं केला. तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. दोन कुत्रीं शेजारीं बसवून दोघांनाहि पंजा देण्यास सांगावें, पण बक्षीस एकालाच द्यावें. ज्याला कांहींच मिळालें नाहीं तें थोड्याच वेळांत पंजा देण्याचें थांबवी, आणि त्याची अस्वस्थताहि वाढे. तेंच कुत्रें एकटें असतां बक्षिसावांचून अधिक वेळ पंजा देत राही. याचा अर्थ, त्याला बोंचली ती केवळ रिकामी पाळी नव्हे, तर शेजाऱ्याचें भरलेलें तोंड. परंतु याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एकाला मांसाचा तुकडा व दुसऱ्याला पावाचा तुकडा दिला असतां त्यांनीं तक्रार केली नाहीं. शेजाऱ्याला अधिक चांगलें मिळतें याचें त्यांना कांहीं वाटलें नाहीं. आपल्याला कांहींच मिळत नाहीं याचें मात्र वाटलें. मत्सर या शब्दाला आपण जो अर्थ देतों, म्हणजे दुसऱ्याचें बरें पाहून जळणें, तो या वृत्तीला लागू पडत नाहीं. हिला 'आपण वगळले गेलों' ही भीति म्हणणेंच अधिक योग्य. आणि भीतीवर उपदेशाची किंवा वर्तमानपत्राच्या गुंडाळीची मात्रा चालत नाहीं.

आतां आईचें म्हणणें पाहूं. कारण तें एकट्या त्या माउलीचें नाहीं. कुत्र्यांत एक वरचढ असावयाचाच, त्यांचें त्यांना ठरवूं द्यावें, असा समज पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. या समजाचें मूळ लांडग्यांच्या अभ्यासांत आहे. रुडोल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञानें बाझल येथील प्राणिसंग्रहालयांतल्या लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं एक प्रबंध प्रसिद्ध केला; त्यांत लांडग्यांच्या कळपांत वर्चस्वासाठीं सतत झगडा चालतो असें चित्र होतें. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथानें ही कल्पना सर्वतोमुखीं केली. पण पुढें याच मेक यांनीं कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे जवळून पाहिले, आणि १९९९ सालीं स्वतःचेंच जुनें मत दुरुस्त केलें. मोकळ्या रानांतला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतें; त्याचे 'पुढारी' म्हणजे केवळ आईबाप. पिलें मोठीं झालीं कीं दुसरीकडे निघून जातात व आपला संसार थाटतात. सिंहासनासाठीं रोजची लढाई तेथें नसते. मग ती शेंकेल यांना कां दिसली? कारण त्यांचे लांडगे कोंडलेले होते, आणि त्यांना निघून जाण्याची वाट नव्हती.

कुत्रें म्हणजे लांडगा नव्हे, हें मला मान्य आहे. तरी या हकीकतींतून निघणारा इशारा आपल्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोंचतो. ज्याला आपण जातिस्वभाव म्हणून नांवें ठेवतों तो पुष्कळदां आपण घातलेल्या कुंपणाचा परिणाम असतो. कुंपण घालणारा बाहेर उभा राहून "हीं जनावरें भांडखोरच" असें म्हणतो, तेव्हां त्याच्या म्हणण्यांत शास्त्र थोडें आणि आत्मसमर्थन फार असतें. अरुंद दार थोरलीनें बांधलें नव्हतें. जेवणाचीं दोन वाडगीं एकाच कोपऱ्यांत तिनें मांडलीं नव्हतीं.

गुरगुरण्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. चार्ल्स डार्विन यानें १८७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या भावदर्शनावरील ग्रंथांत एकाच प्राण्याच्या दोन मुद्रा चित्रांनिशीं दाखविल्या आहेत. एका चित्रांत अंग ताठ, शेंपूट उभें, मानेवरचे केंस पिंजारलेले. दुसऱ्यांत अंग लवलेलें, कान मागें पडलेले, शेंपूट सैल. कुत्र्याचें सर्व शरीरच त्याची वाणी आहे. त्या वाणींत गुरगुरणें हें वाक्य "मी चावतों" असें नसून "चावण्याची वेळ माझ्यावर आणूं नका" असें आहे. तो हल्ला नव्हे. तो हल्ला टाळण्याचा प्रयत्न आहे. जो धनी गुरगुरण्याबद्दल शिक्षा करतो तो भांडण थांबवीत नाहीं, तक्रार थांबवितो. तक्रार बंद झाल्यावर जी शांतता पसरते ती फसवी असते. थोरलीच्या घरीं पंधरा दिवस नांदली ती हीच शांतता.

महाभारताचा आरंभच अशा एका तक्रारीनें होतो, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. जनमेजयाच्या यज्ञमंडपांत सरमेचा मुलगा, म्हणजे एक कुत्रा, आला. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्याला बडविलें. सरमा येऊन विचारती झाली, कीं माझ्या मुलाचा अपराध कोणता? त्यांना उत्तर देतां आलें नाहीं, आणि तिनें राजाला शाप दिला. ज्या ग्रंथाच्या शेवटीं युधिष्ठिर आपल्याबरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो, त्याच्या दारांतच अन्यायानें मार खाल्लेलें एक कुत्रें उभें असावें, हा योगायोग विचार करण्याजोगा खास आहे. सरमेनें दया मागितली नव्हती; तिनें कारण मागितलें होतें.

आतां प्रश्नाच्या गाभ्याकडे वळूं. थोरली आधीं आली, म्हणून तिचा हक्क अधिक काय? आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ज्येष्ठत्वाचा विचार बारकाईनें केला आहे. मनूनें वांटणीच्या वेळीं वडील भावाला एकविसांश अधिक भाग, म्हणजे 'उद्धार', सांगितला. पुढें विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत असा निर्णय दिला, कीं ही विषम वांटणी शास्त्रांत असली तरी लोकांना ती अप्रिय झाली आहे, म्हणून ती आचरूं नये. दोन्ही मतांत तथ्य आहे. जो आधीं आला त्याचें त्या घराशीं एक पूर्वायुष्य असतें, सवयी असतात, आणि कोणीं तोंडानें न दिलेलीं पण वर्षानुवर्षें पाळलेलीं वचनें असतात. उलट, जो मागून आला तो मागून येण्याचा अपराधी नसतो. धाकटी आपल्या पायांनीं जिना चढून आलेली नव्हती.

माझा निर्णय असा आहे. आधीं आलेल्याला अधिक वांटा मागण्याचा हक्क नाहीं. परंतु दुसऱ्यासाठीं आपण केलेल्या उदारपणाची किंमत त्याच्याकडून वसूल होऊं नये, एवढा हक्क त्याला निश्चित आहे. धाकटीला जागा द्यावी. पण ती थोरलीच्या पलंगाखालची नव्हे. धाकटीला वेळ द्यावा. पण तो थोरलीच्या फिरण्याचा तोडून नव्हे, स्वतःच्या झोंपेंतला. नाहीं तर होतें असें, कीं दानाचें पाणी आपल्या हातावर पडतें, आणि दिलेली वस्तु निघते दुसऱ्याच्याच घरांतली.

या बाबतींत आपल्या परंपरेंतील दोन कथा शेजारीं ठेवून पाहाव्या. शिबिराजापाशीं कबूतर आश्रयाला आलें, आणि त्याच्या मागोमाग ससाणा आपलें अन्न मागत आला. त्या कथेचें मर्म बहुधा राजाच्या त्यागांत पाहिलें जातें. मला तें दुसऱ्याच एका गोष्टींत दिसतें. ससाण्याचें म्हणणें खोटें नव्हतें. कबूतर वांचविणें म्हणजे ससाण्याला उपाशी मारणें, हें शिबीनें मानलें. त्यानें ससाण्याला क्रूर म्हणून हांकलून दिलें नाहीं, कीं तिसऱ्याच एखाद्या प्राण्याचें मांस त्याच्यापुढें टाकलें नाहीं. तराजूंत त्यानें घातलें तें स्वतःच्या मांडीचें मांस. आतां दुसरी कथा श्रियाळ-चांगुणेची. अतिथीला तृप्त करण्यासाठीं त्या दांपत्यानें आपला चिलया बाळ कापला. शेवटीं शिव प्रसन्न होऊन बाळ परत देतो, म्हणून आपण ती कथा ऐकूं शकतों. पण तो शेवट काढून टाकला तर मागें काय उरतें? व्रत आईबापांचें, अतिथि आईबापांचा, पुण्य आईबापांचें, आणि मान बाळाची. चांगुणेचें दुःख मी कमी लेखीत नाहीं. तरी ज्याची मान गेली त्याचा हिशेब वेगळाच राहतो. घराघरांतून आपण जी दया करतों ती शिबीच्या मार्गाची कीं चिलयाच्या आईबापांच्या मार्गाची, हें प्रत्येकानें आपल्याशीं तपासून पाहावें.

शिबीच्या मार्गानें जावयाचें म्हणजे प्रत्यक्षांत काय करावयाचें? येथें मांडी कापण्याचा प्रसंग नसतो. द्यावे लागतात ते वेळ, जागा आणि धीर. त्या कुटुंबानें पशुवैद्याच्या सल्ल्यानें पुढें जें केलें तें सांगण्यासारखें आहे. त्यांनीं दोघींना आधीं वेगळें केलें, आणि जणूं धाकटी आजच येत आहे अशा रीतीनें सर्व पहिल्यापासून आरंभ केला. मधल्या दाराला जाळी बसविली. एकीच्या अंथरुणावरचें फडकें दुसरीच्या खोलींत ठेवलें, म्हणजे दर्शनाआधीं वासाची ओळख व्हावी. कुत्र्याच्या जगांत डोळ्यांपेक्षां नाकाची साक्ष मोठी. धाकटीचा कान बरा होऊन लसीहि पुऱ्या झाल्यावर दोघींची भेट घरांत न करतां दूरच्या मोकळ्या मैदानावर केली, कारण तें कोणाचेंच घर नव्हतें. तेथेंहि त्यांना तोंडासमोर तोंड उभें केलें नाहीं. दोन माणसांनीं दोघींना पुरेसें अंतर ठेवून एकाच दिशेनें चालविलें, पट्टे सैल ठेवले, आणि दिवसागणिक तें अंतर थोडेंथोडें कमी केलें.

घरांत वाडगीं वेगळ्या खोल्यांत गेलीं. हाडें व खेळणीं दोघी एकत्र असतांना उचलून ठेवलीं जाऊं लागलीं. पलंगाखालची जागा थोरलीला परत मिळाली, आणि धाकटीला तितकीच उबदार दुसरी जागा करून देण्यासाठीं मुलानें आपल्या खोलींतलें कपाट हलविलें. शिवाय एक नियम केला, कीं जाळीपलीकडे धाकटी दिसली कीं थोरलीला कांहीं तरी आवडीचें मिळावें, आणि ती दिसेनाशी झाली कीं तें देणें थांबावें. धाकटीच्या बाबतींतहि तसेंच. इव्हान पाव्हलाव्ह हा रशियन शास्त्रज्ञ पचनक्रियेवरील संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. अन्नाबरोबर वारंवार येणाऱ्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटूं लागतें, हें त्यानें दाखवून दिलें. तेंच तत्त्व येथें वापरलें आहे. पूर्वीं धाकटी दिसणें म्हणजे कांहीं तरी हातचें जाणें, असा थोरलीचा अनुभव होता; आतां धाकटी दिसणें म्हणजे कांहीं तरी मिळणें, असा तो झाला. मन वळविण्याचा हा मार्ग उपदेशाहून संथ, पण प्रामाणिक आहे. कारण त्यांत दुसऱ्याची भीति खोटी ठरविण्याऐवजीं तिचें कारणच दूर केलें जातें.

या सर्वाला चार महिने लागले. वडिलांचें सकाळचें वर्तमानपत्र आणि आईची संध्याकाळची मालिका या काळांत बरीचशी बुडाली. आज दोघी एका खोलींत निजतात, पण एकमेकींना टेंकून नव्हे. थोरली उठून गेली कीं धाकटी तिच्या वाटेंतून बाजूला होते, आणि धाकटी फार उड्या मारूं लागली कीं थोरली एकदां गुरगुरते. आतां त्या गुरगुरण्याबद्दल तिला कोणी मारीत नाहीं. धाकटीला हांक मारून दुसरीकडे नेलें जातें. त्या घरीं येणाऱ्या पाहुण्यांची या देखाव्यानें थोडी निराशा होते. दोन कुत्रीं गळ्यांत गळा घालून बसलेलीं पाहण्याची त्यांची अपेक्षा असते. पण स्नेह हा आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं, आणि ज्यांना एकत्र राहण्याविषयीं विचारलेंच नाहीं त्यांच्याकडे स्नेहाची मागणी करणें हा जुलमावर चढविलेला आणखी एक जुलूम आहे. त्यांना निर्भयपणें जेवतां यावें, निजतां यावें, आणि नको वाटलें तर दूर होतां यावें, एवढें आपण देऊं शकतों. त्यावर मैत्री जुळली तर तो आनंद. न जुळली तर कोणाचें कांहीं चुकलें असें नव्हे.

यावर तत्त्वज्ञाकडून एक आक्षेप येईल. कुत्र्यांना न्याय-अन्याय काय कळे? अॅडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या प्रख्यात ग्रंथांत, कुत्रीं आपसांत हाडांची ठरवून अदलाबदल करीत नाहींत, याकडे लक्ष वेधलें आहे. डेव्हिड ह्यूम तर १७५१ सालच्या ग्रंथांत असें प्रतिपादितो, कीं जे प्राणी इतके दुर्बल आहेत कीं त्यांच्या रागाची झळ आपल्याला लागूंच शकत नाहीं, त्यांच्याशीं आपण ममतेनें वागावें, पण न्यायाचें बंधन तेथें नाहीं. ह्यूमच्या बुद्धीविषयीं मला अत्यंत आदर आहे. तरी त्यानें आपल्या उदाहरणांत प्रबळाच्या समोर दुर्बळांचा एकच समुदाय कल्पिला, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. ममतेचा विषय एकच असतो तोंपर्यंत ममता पुरते. ज्या क्षणीं दोन दुर्बळ तिच्याकडे तोंड करून उभे राहतात, त्या क्षणीं कोणाला किती आणि कोणाचें काढून, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर ममतेपाशीं नसतें. धाकटीवर ममता होती म्हणूनच तर थोरलीची जागा गेली. वांटणी आली कीं न्याय आलाच. वांटणी घेणाऱ्याला न्याय कळतो कीं नाहीं, हें येथें गौण आहे; वांटणी करणाऱ्याला तो कळला पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. माणसांना पोटभर अन्न नसतां कुत्र्यांच्या मनाचे एवढे लाड कशाला? ज्यानें कुत्रें घरांत आणलेंच नाहीं त्याच्या तोंडीं हा प्रश्न शोभेल. ज्यानें तें आणून दार लावून घेतलें, त्याला तो विचारण्याचा अधिकार त्याच दिवशीं संपला. पुढील गोष्टहि स्पष्ट सांगितली पाहिजे, कीं कांहीं जोडीं कितीहि धीर धरला तरी जुळत नाहींत. अशा वेळीं दुसरें चांगलें घर शोधून देणें हें अपयश असेल, पण पाप नव्हे. तेथेंहि प्रश्न हाच विचारावा, कीं ही पाठवणी जिची होत आहे तिच्या हिताची आहे, कीं आपल्या कंटाळ्याची.

आपल्याकडे दत्ताची तसबीर पुष्कळ घरांत असते. तिच्यांत पायाशीं चार कुत्रीं असतात. भाविक त्यांना चार वेद मानतात. त्यांच्यांतलें कोणतेंहि दुसऱ्यावर गुरगुरत नाहीं, याचें मला लहानपणीं नवल वाटे. आतां असें वाटतें, कीं तेथें भांडणाला कारणच नाहीं. ज्याच्या पायाशीं तीं आहेत त्यानें एकाच्या तोंडचा घांस काढून दुसऱ्याला दिलेला नाहीं. आपण दत्त नव्हे. आपले घांस मोजके, खोल्या मोजक्या, आणि वेळ तर त्याहून मोजका. म्हणूनच आपल्याला हिशेब ठेवणें भाग आहे.

आणि हा हिशेब कुत्र्यांपुरताच राहत नाहीं. गांवाहून शिकायला आलेल्या भाच्याला आपण मोठ्या मनानें घरांत ठेवून घेतों. त्याचें अंथरूण कोणाच्या खोलींत पडलें, आणि त्या खोलींत कालपर्यंत अभ्यास करणारी मुलगी आज कोठें बसून वाचते, हें पाहावयाचें राहून जातें. म्हाताऱ्या आत्याला आश्रय दिल्याबद्दल चार लोक घरच्या कर्त्याची वाहवा करतात. रात्रीं दोनदां उठून तिला पाणी देणारी सून त्या वाहवेच्या वेळीं स्वयंपाकघरांत असते. भाच्यानें येऊं नये किंवा आत्याला थारा मिळूं नये, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. दार उघडणाऱ्यानें एवढेंच करावें : पाहुण्याला आंत घेण्यापूर्वीं एकदां मागें वळून पाहावें, आणि त्या उघडण्यानें घरांतलें कोण कोपऱ्यांत सरकणार आहे, तें त्याला आधीं विचारून घ्यावें.